आमच्यानंतर मंडळी कोण सांभाळणार?

*ताई, सप्रेम सलाम. मी नाशिकरोडचा, प्रेसमधून निवृत्त झालेला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं पंच (कमिटीचा सदस्य) आहे, त्यातली बहुतेक सेक्रेटरी म्हणून. सण, संडे स्कूल, घरोघरच्या कॉटेज प्रार्थना, दफनविधी, इमारतीची कामं, हिशेब, सगळं आम्ही चार-पाच जण ओढतो आणि सगळे साठी ओलांडलेले. पाळकसाहेबांची दर काही वर्षांनी बदली होते, त्यामुळे घडी बसवायची ती आम्हीच. तरुण मुलं आहेत. गिटार वाजवतात, नाताळात कॅरलला घरोघर फिरतात. पण जबाबदारी म्हटली की मागे सरतात. गेल्या वर्षी एका चांगल्या मुलाला यूथ लीडर केलं. सहा महिन्यांत त्याने सोडलं, आता तो दुसऱ्या फेलोशिपला (प्रार्थनागटाला) जातो. बाहेरून वक्ते बोलावून तीन दिवसांचं लीडरशिप शिबिर घ्यावं आणि येत्या निवडणुकीत दोन तरुणांना कमिटीत घ्यावं, असं आमच्यात चाललंय. तुमचं मत काय? शिवाय महिन्याच्या कार्यकर्त्यांच्या मीटिंगला एकही तरुण येत नाही, त्याचं काय करावं?*
*— एक पंच, नाशिकरोड*

भाऊ, प्रभूमध्ये सलाम.

शिबिर घ्यायचं तर जरूर घ्या. चार नव्या गोष्टी कानावर पडतात, मुलं एकत्र राहतात, ओळखी वाढतात. पण त्यातून पुढारी तयार होऊन बाहेर पडतील अशी आशा धरू नका. चौथ्या दिवशी वक्ते आपल्या गावी परत जातात, वह्या कपाटात जातात आणि रविवारी चर्चचं दार उघडायला पुन्हा तुम्हीच हजर असता. शिबिराला लागणारा पैसा आणि उत्साह वाया जातो असं मी म्हणत नाही. ज्या माणसाला रोजच्या कामात कोणी हाताशी धरलेलं आहे, त्याला शिबिराचा उपयोग होतो. ज्याला कोणीच धरलेलं नाही, त्याच्यासाठी ती फक्त एक चांगली सहल ठरते.

त्या मुलाचंच बघा. यूथ लीडर केलं म्हणजे नेमकं काय केलं? उपासनेत नाव जाहीर झालं असेल, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली असेल. पुढच्या सहा महिन्यांत तुमच्यापैकी कोणी त्याच्या घरी सहज म्हणून गेलं होतं का? त्याने घेतलेल्या पहिल्या बायबल अभ्यासाला मागच्या बाकावर कोणी बसलं होतं का? एखादी सभा फसली असेल, दहाच मुलं आली असतील, त्यातली दोघं फोनवर असतील. त्या रात्री त्याने मन मोकळं करायला कोणाला फोन केला असेल? तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. असतं तर तुम्ही लिहिलं असतं असं मला वाटतं. त्याला पद मिळालं, सोबत मिळाली नाही. तो गेला याचं मला वाईट वाटतं, पण आश्चर्य वाटत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूने बारा जणांना निवडल्याचं वाचतो, तिथे निवडण्यामागचे हेतूही दिलेले आहेत. पहिला हेतू असा की त्यांनी त्याच्याबरोबर असावं. उपदेश करायला पाठवणं त्यानंतर येतं. आपण हा क्रम उलटा करतो. आधी पाठवतो आणि बरोबर असणं विसरून जातो. ते शिष्य त्याच्याबरोबर नावेत होते, गर्दीत होते, पेत्राच्या सासूच्या आजारपणात त्या घरात होते. वाटेत आपल्यात मोठा कोण यावरून त्यांचं भांडणही झालं. लूकच्या अकराव्या अध्यायात येशू एका ठिकाणी प्रार्थना करत होता, ती संपल्यावर एक शिष्य म्हणाला, प्रभू, आम्हालाही प्रार्थना करायला शिकवा. त्याला करताना पाहिलं, म्हणून शिकावंसं वाटलं. तुमच्या मंडळीतल्या मुलांनी तुम्हाला काय करताना पाहिलंय? वर्गणीची पावती फाडताना पाहिलंय, माइकवर सूचना देताना पाहिलंय. तुमच्या सेवेचा खरा गाभा त्यांना कधी दिसलेलाच नाही, कारण तिथे तुम्ही एकटे जाता.

म्हणून दवाखान्यापासून सुरुवात करा. समजा, मंडळीतल्या एका आजींना बिटको हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. एरवी तुम्ही स्कूटर काढून एकटेच गेला असता. या वेळी एका मुलाला मागे बसवा. जाताना एवढंच सांगा की पलंगावर बसायचं नाही, फोन बंद ठेवायचा आणि आजी बोलतील तेव्हा आपल्या नात्यातल्या कोणाच्या दुखण्याची गोष्ट मध्ये काढायची नाही. पुढचं त्याला बघू द्या. तुम्ही आधी सिस्टरना विचारता, आत गेलं तर चालेल का. उशाशी उभ्या असलेल्या सुनेला विचारता, तुम्ही रात्री काही खाल्लंत का. आजींना विचारता, स्तोत्र वाचू का. तेविसावं स्तोत्र त्यांना तोंडपाठ असतं. तुम्ही एक ओळ म्हणता, पुढची त्या म्हणतात. 'देवाची इच्छा' हे शब्द तुम्ही तिथे उच्चारत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाई आपल्या धर्माच्या नसतात, त्यांचीही विचारपूस करता. त्यांनी स्वतःहून म्हटलं तरच त्यांच्यासाठी प्रार्थना करता, तीही हळू आवाजात. दहा मिनिटांत बाहेर पडता, कारण पेशंट थकतो.

मग बाहेर टपरीवर चहा घ्या आणि त्याला विचारा, तू काय पाहिलंस? हा प्रश्न अजिबात सोडू नका. तो कदाचित म्हणेल, 'सूनबाई रडत होत्या, तुम्ही काहीच बोलला नाहीत.' मग तुम्ही सांगा की का बोलला नाहीत. त्या चहाच्या वेळात तो जे शिकेल, ते कुठलाही वक्ता फळ्यावर लिहून शिकवू शकणार नाही. पुढच्या भेटीत स्तोत्र त्याला वाचू द्या. त्यानंतरच्या भेटीत प्रार्थना त्याला करू द्या, मोडकीतोडकी झाली तरी मध्ये तोंड घालू नका. आणि तो पुरेसा सरावला की त्याला तुमच्याशिवाय पाठवा, पण एकट्याला नव्हे. त्याच्याहून लहान कोणाला तरी घेऊन जायला सांगा. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की माझ्याकडून ऐकलेलं तू विश्वासू माणसांकडे सोपव, जी इतरांनाही शिकवू शकतील. एका वचनात चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ते 'इतर'. आपली साखळी बहुतेक वेळा दुसऱ्या कडीपाशीच तुटते, कारण आपण शिकवतो ते काम करायला. पुढच्याला शिकवायला शिकवत नाही.

तसंच मयतीचं. रात्री अकराला फोन येतो की अमके गेले. डॉक्टरांचा दाखला कोण घेणार, शवपेटी कोणाकडून आणायची, कबर खोदणाऱ्यांना कधी सांगायचं, महापालिकेत नोंद कशी करायची, मंडळीच्या रजिस्टरमध्ये काय लिहायचं, बाहेरगावचे नातेवाईक येईपर्यंत वेळ कशी धरायची आणि या सगळ्या धावपळीत त्या घरातल्या बाईजवळ कोण बसणार, हे सगळं तुम्हाला डोळे मिटून ठाऊक आहे. कुठेही लिहिलेलं मात्र नाही. उद्या तुम्हीच आजारी पडलात तर त्या घरच्यांनी कोणाकडे बघायचं? पुढच्या वेळी एकाला झोपेतून उठवून बरोबर न्या. आई-वडील म्हणतील, उद्या त्याची परीक्षा आहे. परीक्षा असेल तर दुसऱ्याला उठवा. पण माणसं दुःखात असताना मंडळी काय असते, हे ज्याने जवळून पाहिलंय, त्याला नंतर 'जबाबदारी घे' म्हणून सांगावं लागत नाही. तो स्वतःच विचारतो.

कामावर पाठवल्यानंतरची एक गोष्ट आपल्याकडून हमखास राहते. बारा जण गावोगाव फिरून परतले तेव्हा त्यांनी केलेलं आणि शिकवलेलं सगळं येशूला सांगितलं, आणि तो म्हणाला, चला, एकांतात या, थोडा विसावा घ्या. त्याने अहवाल ऐकून घेतला आणि विश्रांतीही दिली. आपल्याकडे एखादी मुलगी संडे स्कूल चांगलं घ्यायला लागली की आपण तिच्यावर नाताळचं नाटकही टाकतो, सुट्टीतलं बायबल स्कूलही टाकतो, आणि दोन वर्षांनी ती दिसेनाशी झाली की 'आजकालच्या मुलांना चिकाटी नाही' म्हणतो. असं करू नका. वर्षातून काही रविवार तिला नुसतं बाकावर बसून उपासना ऐकू द्या.

आता कोणाला निवडायचं. तुमच्या पत्रात साठीचे आहेत आणि विशीचे आहेत. मधली चाळिशीची माणसं कुठे गेली? माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मोठं उत्तर तिथेच आहे. ते पस्तीस ते पन्नासचे स्त्री-पुरुष दर रविवारी येतात, मागे बसतात, आशीर्वाद झाला की गाडी काढतात. त्यांना घराचे हप्ते आहेत, मुलांच्या शाळा आहेत, शिफ्ट आहेत, हे खरंच. पण ते विशीत होते तेव्हा त्यांनाही काहीतरी करायचं होतं, आणि त्या वेळच्या कमिटीने 'अजून लहान आहात' म्हणून त्यांना थांबवलं असण्याची शक्यता मोठी आहे. थांबता थांबता त्यांची सवय गेली. आता तुम्ही त्यांना ओलांडून थेट त्यांच्या मुलांकडे निघाला आहात. ते त्यांनाही लागेल आणि मुलांनाही पेलणार नाही. विशीतल्या मुलाला साठीतला माणूस आजोबांच्या जागी असतो, मोठा भाऊ किंवा मोठी बहीण हवी असते ती चाळिशीतली. म्हणून आधी त्या पिढीतल्या दोघा-तिघांकडे जा. फोन करू नका, घरी जा. त्यांना त्या जुन्या गोष्टीबद्दल विचारा आणि मध्ये खुलासा न देता ऐका. मग म्हणा, मला तुमची मदत हवी आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी ती तक्रार दाबली नाही. सात माणसं निवडायला सांगितली, आणि त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची कुरकुर होती, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती कारभार दिला गेला. तुमच्या मंडळीत सर्वात जास्त कुरकुर कोण करतं ते आठवा. त्यातले काही नुसतेच कुरकुरे असतील. पण एखाद्याची तक्रार पोटतिडकीची असेल, मंडळीवर जीव असल्याशिवाय माणूस एवढा चिडत नाही. त्याला कामात घ्या. आणि हेही बघा की स्तेफन आणि फिलिप्प या दोघांना नेमलं होतं पंगतीच्या व्यवस्थेसाठी. त्यांचं वचनाचं सामर्थ्य पुढे कळलं.

गिटार छान वाजवतो किंवा माइकवर न अडखळता बोलतो म्हणून कोणाला पुढे करू नका. ते दान देवाचंच आहे, त्याचा मान ठेवा, पण ते पुढारीपणाचं लक्षण नव्हे. पौल मंडळीच्या अध्यक्षाविषयी लिहिताना स्पष्ट बजावतो की तो नवशिष्य नसावा, नाहीतर गर्वाने फुगेल. तुम्ही बघा, संडे स्कूलमधलं एक पोर दोन रविवार आलं नाही हे कोणाच्या लक्षात येतं. दिलेला शब्द कोण पाळतं. चूक दाखवली की दुसऱ्या दिवशी कोण पुन्हा येतं. अशी माणसं शोधायला व्यासपीठाकडे पाहून चालत नाही, दाराशी आणि स्वयंपाकाच्या भांड्यांशी उभं राहावं लागतं.

आणि भाऊ, तुमच्या पूर्ण पत्रात एकाही बाईचा उल्लेख नाही. महिला मंडळ असेलच ना? सणाचं जेवण, आजाऱ्यांकडे डबे, घरोघरच्या प्रार्थना बहुधा त्याच सांभाळत असतील. नाशिकजवळच्या जलालपुरात १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना लग्न होईपर्यंत अक्षरओळख नव्हती. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी त्यांना वाचायला-लिहायला लावलं. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य अपूर्ण होतं, ते याच बाईंनी पूर्ण केलं. त्यांचं आत्मचरित्र तर अख्खा महाराष्ट्र वाचतो. टिळकांचा स्वभाव सोपा नव्हता, त्यांच्या धर्मांतराने बाईंना काय सोसावं लागलं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी त्या संसाराला आदर्श म्हणत नाही. पण आपल्याच मातीतल्या या बाईला कोणी पाटी दिली नसती तर मराठी ख्रिस्ती मंडळीचं किती नुकसान झालं असतं, याचा विचार करा. तीमथ्याचा विश्वासही आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. अपुल्लोसारख्या वक्त्याला घरी नेऊन मार्ग अधिक नीट समजावणाऱ्या जोडप्यात प्रिस्किल्ला होती. महिला मंडळातल्या बायकांना विचारा, तुमच्या मागे कोण तयार होतंय. त्यांचं उत्तर तुमच्यापेक्षा बरं असेल असा माझा अंदाज आहे.

मुलं मागे सरण्याचं एक कारण तुमच्या ध्यानातही आलं नसेल. बरीचशी मुलं इंग्रजी माध्यमात शिकलेली आहेत. त्यांना मराठी बोलता येतं, पण पवित्र शास्त्राची जुनी मराठी सगळ्यांसमोर उभं राहून वाचताना ती अडखळतात, 'ज्ञ' आणि 'ऋ' पाशी थबकतात, मागे कोणीतरी हसतं, आणि पुन्हा कधी ती शास्त्रपाठाला उभी राहत नाहीत. आपण त्याला बेजबाबदारपणा म्हणतो. रविवारचा पाठ बुधवारीच द्या. शनिवारी त्याला किंवा तिला शेजारी बसवून दोनदा मोठ्याने वाचून घ्या, अर्थ सांगा, 'न्यायीपणा' म्हणजे काय ते विचारा. वीस मिनिटांचं काम आहे. या वीस मिनिटांत बायबल अभ्यासही होतो, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं किती दिवस करायचं? लवकर काही दिसणार नाही. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांना विचारा, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घडाची घडण होते, वरून काहीच कळत नाही, आणि तो घड बाहेर येतो तो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. एप्रिल-मेमध्ये पाण्याची हयगय केली तर ऑक्टोबरात कितीही औषधं मारून घड आणता येत नाहीत. दोन-तीन वर्षं नुसती बरोबर चालण्यात जातील असं धरूनच चला, आणि कमिटीतल्या कोणी वर्षअखेर 'निकाल काय' असं विचारलं तर त्यांना तसंच सांगा.

ज्याला तुम्ही घडवाल तो तुमच्याच मंडळीत राहील, अशी अटही मनात धरू नका. आपल्या मुलांपैकी निम्मी पुण्या-मुंबईला किंवा बंगळुरूला जाणार, हे तुम्हीही जाणता. नाशिकला याचा फार जुना अनुभव आहे. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. त्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. हिंदी महासागरात गुलामांची जहाजं पकडून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे तिथे आणली जात, त्यांना शिक्षण आणि कारागिरी शिकवली जाई. मिशनरी आणि प्रवासी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह शेकडो कोस वाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत या नाशिककर मुलांचा वाटा होता. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला हजर होता. इथेच शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर मोम्बासाजवळच्या रबई आणि फ्रीअर टाउन भागात मंडळी उभारण्यात राबले. नाशिकने ज्यांना शिकवलं, त्यांचं फळ पूर्व आफ्रिकेला मिळालं. ती मंडळी आपली नव्हती का?

त्याच इतिहासातली दुसरी बाजूही पाहा. जोन्स आणि सेमलर १८६०च्या दशकातच तिकडे गेले होते, पण बिशप हॅनिंग्टन यांच्या हस्ते त्यांना डीकनपदाची (पाळकपदाच्या आधीच्या पायरीची) दीक्षा मिळाली १८८५ मध्ये. वर्षानुवर्षं माणसं काम करत राहिली आणि त्यांना अधिकार फार उशिरा मिळाला. सोबत द्यायची म्हणून पद कायमचं लांबणीवर टाकायचं, हाही अन्यायच. माणूस काम करतोय हे मंडळीला दिसू लागलं की त्याला त्या कामाचं नाव आणि अधिकार दोन्ही द्या.

दुसऱ्या फेलोशिपला गेलेल्या त्या मुलाला या आठवड्यात भेटा. परत ये म्हणायला जाऊ नका. कसा आहेस, आम्ही कुठे कमी पडलो, एवढंच विचारा, तो आता जिथे आहे तिथल्या कामासाठी त्याच्याबरोबर प्रार्थना करा आणि या. पौल आणि बर्णबा यांचा सहकारी योहान मार्क त्यांना पंफुल्यात अर्ध्यावर सोडून गेला, तेव्हा पुढच्या फेरीला पौलाने त्याला पुन्हा घ्यायला साफ नकार दिला, त्यावरून बर्णबाशी कडाक्याचं भांडण झालं. बर्णबाने त्याला बरोबर घेतलं. आयुष्याच्या अखेरीस तोच पौल तुरुंगातून लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. बर्णबा नसता तर पौलाला तो मार्क मिळाला नसता.

एक इशारा मला द्यायलाच हवा, कारण शिष्य बनवण्याच्या नावाखाली काही ठिकाणी जे चालतं ते मी बघते आणि अस्वस्थ होते. नोकरी कुठे करायची, लग्न कोणाशी करायचं, पगारातून किती द्यायचं, आई-वडिलांकडे कधी जायचं, हे सगळं 'लीडर'ला विचारून ठरवायला लावणं म्हणजे शिष्य बनवणं नव्हे. शिष्य ख्रिस्ताचा असतो, तुमचा किंवा माझा नसतो. मुलाने तुम्हाला 'नाही' म्हटलं तर त्याचं स्थान हलता कामा नये. लहान मुलांबरोबर काम करणारा कोणीही, कितीही विश्वासातला असला तरी, बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर बसणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा, तुमच्यासकट सगळ्यांना. त्यात मुलांचं रक्षण आहे, कार्यकर्त्यांचंही आहे.

पैशाचंही तसंच. दान मोजायला दरवेळी दोन माणसं, वेगवेगळ्या घरातली, आणि त्यातलं एक तरुण असू द्या. बँकेचं पासबुक, ऑडिट, ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाचे कागद एकदा नव्या माणसांसमोर टेबलावर उघडून ठेवा. ज्याला हिशेब दाखवत नाही, त्याला आपण मालक समजत नाही, आणि पाहुणा घर झाडत नाही.

आता निवडणूक. दोन तरुणांना नुसतं कमिटीत बसवू नका. पंधरा माणसांच्या बैठकीत ते शेवटच्या खुर्चीवर बसतील, इमारतीच्या गळतीवर दोन तास चर्चा ऐकतील आणि तिसऱ्या महिन्यापासून येणार नाहीत. त्याऐवजी तुम्ही एक करा. हे तुम्हाला जड जाईल, तरी लिहिते: या वेळी सेक्रेटरीपदासाठी उभे राहू नका. चाळिशीतल्या एका भावाला किंवा बहिणीला उभं करा आणि स्वतः वर्षभर त्यांचे मदतनीस व्हा. पत्रं ते लिहितील, तुम्ही फाइल काढून द्याल. विचारलं तर सल्ला द्या, विचारलं नाही तर गप्प बसा, सभेत तर नक्कीच. चुका होतील. नोटीस उशिरा निघेल, हॉलचं बुकिंग दोघांना जाईल. मंडळी त्याने बुडत नाही. कोणी तुमच्याकडे तक्रार घेऊन आलं, आणि ते येणारच, तर 'सेक्रेटरींना भेटा' म्हणून परत पाठवा. तुमच्या सोडण्याने जी जागा तयार होईल, तिथे त्या दोन तरुणांपैकी एक सहज मदतीला येऊ शकेल, कारण तिथे करायला खरं काम असेल.

राहिला मीटिंगचा प्रश्न. ती बहुधा शनिवारी संध्याकाळी सातला असते, वर्षानुवर्षं तशीच. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांची तेव्हा सेकंड शिफ्ट चालू असते, बीपीओतल्या मुलांची ड्यूटी सुरू व्हायची असते, आणि लहान मुलं असलेल्या आईला ती वेळ जमूच शकत नाही. मीटिंग रविवारी उपासना संपल्यावर लगेच चहाबरोबर घ्या, चाळीस मिनिटांत आटपा, मुलांना संडे स्कूलच्या शिक्षिकांकडे बसवा. ज्यांना रविवारीही ड्यूटी आहे त्यांना त्याच दिवशी रात्री तुम्ही स्वतः फोन करून काय ठरलं ते सांगा आणि पुढच्या महिन्यातलं एक छोटं काम त्यांच्याकडे द्या. विषयपत्रिकेतला पहिला विषय 'मागचा वृत्तांत कायम करणे' ठेवण्याऐवजी या महिन्यात आपण कोणाकोणाला भेटलो, हा ठेवा. तो विषय आधी तरुणांना मांडू द्या, पंचांनी मागाहून बोलावं.